एफएमच्या लिलावात गावाचा वाटा कोणता?

शेतकरी बंधूंनो, सप्टेंबर २०२१ चा शेवटचा आठवडा तुम्ही विसरला नसाल. 'गुलाब' चक्रीवादळाचा पाऊस मराठवाड्यावर कोसळत होता. नदीकाठची शेतं पाण्याखाली गेली होती. कुणाचं सोयाबीन उभं होतं, कुणी काढून सुडी लावली होती, आणि ताडपत्री आणायला गेलेला माणूस ओढ्याच्या अलीकडेच अडकला होता. त्याच दिवसांत एका मोठ्या शहरातलं काम आटोपून मी काळीपिवळी जीपने गावाकडे येत होतो. ड्रायव्हरने रेडिओ लावला होता. शहरातलं खाजगी केंद्र. बोलणारी मुलगी मोठ्या उत्साहात सांगत होती की पाऊस काय मस्त पडतोय, आज कांदाभजी झालीच पाहिजेत. लगेच पावसाचं गाणं लागलं. मागच्या बाकावरचे एक बाबा शांतपणे म्हणाले, "तिची सुडी थोडीच भिजायली!"

जीपमधली सगळी माणसं हसली. मीही हसलो. पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही.

त्या मुलीचा यात दोष आहे असं मला वाटत नाही. समोर कोण ऐकतं आहे असं तिला सांगितलेलं असतं, त्याच्याशी ती बोलते. तिला सांगितलेला माणूस फ्लॅटमध्ये राहतो, मोटारीने कामावर जातो आणि शनिवारी खरेदीला निघतो. तिच्या केंद्राचा आवाज पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या शिवारातही पोचतो, तिथं कुणी बांधावर मोबाईल टेकवून ऐकत असतं, हे तिच्या हिशेबात कुणी धरलेलंच नाही.

आज हा विषय काढण्याला कारण आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातल्या २३४ नव्या शहरांत ७३० खाजगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. आरक्षित किंमत धरली ती सुमारे ७८५ कोटी रुपये. या यादीत महाराष्ट्रातली जी नावं आहेत, त्यात लातूर आहे, उदगीर आहे, धाराशिव आहे, बार्शी आहे. विदर्भातलं यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर, गोंदिया आहे. ही सगळी सोयाबीन, कापूस, तूर आणि धानाची गावं. खाजगी एफएम म्हणजे पुण्या-मुंबईचं प्रकरण, असं आता म्हणता येणार नाही. सरकारने निर्णय जाहीर करताना मातृभाषेतले स्थानिक कार्यक्रम वाढतील असंही सांगितलं आहे. वाढतील का, आणि स्थानिक म्हणजे कोणतं स्थान, हे आपण आधी विचारलं पाहिजे. त्यासाठी हा धंदा इथवर कसा आला ते थोडं पाहू.

गावच्या गायरानाचा विषय निघाला की ग्रामसभा किती तापते ते तुम्हाला ठाऊक आहे. गायरान कुणाच्या बापाचं नाही, सगळ्या गावाचं आहे, म्हणून त्यातलं एक गुंठा कुणाला द्यायचं तरी चार माणसं उठून प्रश्न विचारतात. रेडिओच्या लहरींचंही तसंच आहे, आणि हे माझं म्हणणं नाही. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात निकाल दिला, की या लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत. सरकारची मक्तेदारी नको, पण त्यांचा वापर लोकहितासाठी आणि नियमनाखाली व्हावा. म्हणजे वाहिनीचा लिलाव होतो तेव्हा एका अर्थाने आपलंच गायरान पंधरा वर्षांच्या बोलीने दिलं जातं. गुंठ्याला प्रश्न विचारणारे आपण, याला मात्र एकही प्रश्न विचारत नाही.

आपल्याकडे रेडिओ सुरू झाला तोच मुळी खाजगी. २३ जुलै १९२७ ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र मुंबईत सुरू झालं. ताकद दीड किलोवॅट, आवाजाचा पल्ला साधारण तीस मैल. त्या तीस मैलांत रेडिओचा संच घेण्याची ऐपत असलेली माणसं किती असणार? १९३० च्या मार्चमध्ये कंपनी बुडाली आणि रेडिओ सरकारकडे आला. कंपनीने ठाणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्यासाठी काही केलं असतं तर ती वाचली असती, असा दावा मी करणार नाही. त्या काळात शेतकऱ्याकडे संचच नव्हता. आज मात्र त्याच्या खिशात तो आहे.

पुढचा एक प्रसंग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. १९५६ सालच्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली १५० गावं निवडली. गावागावांत श्रोत्यांची मंडळं केली, त्यांना रेडिओ संच दिले. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपला की संच बंद करायचा आणि ऐकलं त्यावर चर्चा करायची. पटलं काय, नाही पटलं काय, आपल्या गावात काय करता येईल. चर्चेतल्या शंका केंद्राकडे लिहून पाठवायच्या, त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमात यायची.

या प्रयोगाची तपासणीही नीट झाली. काही गावं मंडळाची घेतली, काही अशी की जिथं रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, आणि काही अशी की जिथं दोन्ही नव्हतं. मंडळाच्या गावांत लोकांच्या माहितीत मोठी भर पडलेली दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारसा फरक पडला नव्हता. बंधूंनो, हा निष्कर्ष आज सत्तर वर्षांनीही विस्ताराचं काम करणाऱ्या माणसाने भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. नुसतं कानावर पडून शेती बदलत नाही. ऐकलेलं चौघांत बोललं गेलं आणि उलट प्रश्न विचारता आला, तर काहीतरी हलतं. (आमच्या खात्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सल्ले पडत राहतात, खाली फक्त जोडलेले हात दिसतात. तिथंही दुखणं हेच आहे.)

हा प्रयोग पुढे देशभर नेला गेला, आणि बऱ्याच सरकारी योजनांप्रमाणे हळूहळू कागदावर उरला. शेतीचे कार्यक्रम मात्र आकाशवाणीवर टिकले. आपल्यातल्या कित्येकांनी संकरित ज्वारीचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते रेडिओवर.

दरम्यान लोकांना गाणी हवी होती. १९५२ पासून बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे आपलेच मराठी गृहस्थ नभोवाणी मंत्री होते. त्यांना चित्रपटगीतं आकाशवाणीच्या दर्जाची वाटेनात. लोकांनी मुकाट्याने काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. जाहिरातीचे पैसेही तिकडेच गेले. सरकारने मग १९५७ मध्ये विविध भारती काढली आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूर इथून तिच्यावर जाहिराती घ्यायला सुरुवात केली. म्हणजे जाहिरातीवर चालणारा रेडिओ ही काही परवाची गोष्ट नाही, आणि ती महाराष्ट्रातूनच सुरू झाली. श्रोत्याला नको ते जबरदस्तीने ऐकवता येत नाही, हाही धडा तेव्हाच मिळाला होता. शेतीचा कार्यक्रम म्हणजे रटाळ भाषण, असं ज्यांना वाटतं त्यांनी आणि तो तसा करणाऱ्या आम्ही अधिकाऱ्यांनीही तो लक्षात ठेवावा.

१९९० च्या आसपास आकाशवाणीने जिल्ह्याच्या ठिकाणी स्थानिक केंद्रं काढली. नगर, सातारा, बीड, नांदेड, उस्मानाबाद, यवतमाळ ही त्यातली. एफएमचा स्वच्छ आवाज आपल्या भागात पहिल्यांदा आला तो या सरकारी केंद्रांतून. आपल्याच तालुक्यातला शेतकरी रेडिओवर बोलतोय, भजनी मंडळ शेजारच्या गावचं आहे, याचं केवढं अप्रूप होतं! माझ्या लहानपणी आमच्या गल्लीतले एक काका रेडिओवर मुलाखत देऊन आले, तर पुढे कित्येक वर्षं त्यांना सगळे 'आकाशवाणी' म्हणूनच हाक मारत.

खाजगी माणसाला दार उघडलं ते १९९३ मध्ये. सरकारने आपल्याच एफएम केंद्रावरचे तास मुंबई-दिल्लीत कंपन्यांना विकले. १९९८ मध्ये तो प्रकार बंद झाला. नंतर संपूर्ण केंद्रच खाजगी मालकीचं, अशी योजना १९९९ मध्ये आली. पहिला टप्पा म्हणतात तो हा. ४० शहरांत १०८ वाहिन्यांचा लिलाव ठेवला. ३ जुलै २००१ ला बंगळूरमध्ये रेडिओ सिटी सुरू झालं. देशातलं हे पहिलं खाजगी एफएम केंद्र.

या लिलावात जे झालं ते बाजार समितीत बसणाऱ्या माणसाला लगेच कळेल. भरमसाट बोल्या लागल्या. मुंबईच्या एका परवान्याची वर्षाची फी पावणेदहा कोटींवर गेली आणि दर वर्षी त्यात १५ टक्के वाढ. जाहिराती येवोत न येवोत, फी ठरलेली. आपल्याकडे पाऊस पडो न पडो, खंडाने केलेल्या जमिनीचे पैसे मालकाला मोजावेच लागतात, तसाच मामला. बोली लावणारे बरेच जण पळाले. १०८ पैकी प्रत्यक्षात चालली ती जेमतेम वीस-बावीस केंद्रं, तीही बारा शहरांत. आपल्या राज्यात मुंबई आणि पुणे.

मग २००५ मध्ये नियम बदलले. एकदाच प्रवेश फी आणि नंतर उत्पन्नाचा ४ टक्के वाटा. खंड सोडून बटाई केली म्हणा ना! लगेच गाडं चालायला लागलं. या दुसऱ्या टप्प्यात ९१ शहरांसाठी ३३८ वाहिन्या ठेवल्या होत्या, आणि त्यातून खाजगी एफएम नाशिक, सोलापूर, सांगली, जळगाव, धुळे, अकोला, नांदेड, नगर असं पसरलं. कोल्हापुरात 'पुढारी' या दैनिकाच्या समूहाने टोमॅटो एफएम काढलं. ९४.३ वर लागणारं हे केंद्र म्हणजे जिल्ह्यातल्याच मराठी माणसांनी काढलेली खाजगी वाहिनी. बाकी बहुतेक ठिकाणी मालक महानगरातले आणि नावंही सगळीकडे सारखीच.

हे सगळं सांगितलं ते एवढ्यासाठी, की फी कशी आकारायची यावर सरकारने दोनदा विचार केला, समिती नेमली, चूक सुधारली. केंद्राने आपल्या भागाला काय द्यायचं यावर तेवढा विचार झाला नाही. झाला तो उलट्या बाजूने, म्हणजे काय द्यायचं नाही यावर. खाजगी एफएमने स्वतःच्या बातम्या द्यायच्या नाहीत, हा नियम पहिल्यापासून आहे. वर्तमानपत्र कुणीही काढावं, दूरचित्रवाणीवर चोवीस तास भांडणं चालावीत, आणि रेडिओने मात्र तालुक्यातल्या पुलावर पाणी आलं ही बातमी देऊ नये. यात मला तरी तर्क दिसत नाही. 'ट्राय'ने सप्टेंबर २०२३ मध्ये शिफारस केली की तासाला दहा मिनिटं बातम्या देऊ द्याव्यात. ही शिफारस रास्त आहे.

पण मला तुमचं लक्ष वेधायचं आहे ते दुसऱ्याच गोष्टीकडे. २५ जुलै २०११ ला तिसऱ्या टप्प्याचं धोरण आलं. त्यात आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा देण्याची मुभा दिली. त्याशिवाय काही विषय बातमी या व्याख्येतूनच वगळले. हवामान, वाहतूक, परीक्षा आणि निकाल, नोकरीच्या संधी, सांस्कृतिक कार्यक्रम, सण-उत्सव. आणि वीज, पाणीपुरवठा, नैसर्गिक आपत्ती, आरोग्याचे इशारे अशा विषयांवरच्या सार्वजनिक सूचना, मात्र 'स्थानिक प्रशासनाने दिलेल्या'. हे शेवटचे तीन शब्द पुन्हा वाचा. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, तहसील कचेरीतली मंडळी, तुम्हीही वाचा. दार २०११ पासून उघडं आहे. त्यातून आत काय पाठवायचं ते आपल्या हातात आहे.

हे मला उशिरा कळलं आणि तेही ठेच लागून. २०२२ च्या खरिपात आपल्या भागात शंखी गोगलगायींनी सोयाबीनचं काय केलं ते सांगायला नको. उगवलेलं रोप रात्रीतून फस्त. दुबार पेरणी, काहींची तिबार. उपाय अवघड नव्हता, पण तो सगळ्यांनी एकाच वेळी करायला हवा होता. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती बांधालगत टाकायची, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी गोळा करून मिठाच्या किंवा चुन्याच्या पाण्यात टाकायच्या. एकट्याने केलं तर शेजारच्या रानातल्या येतात. म्हणजे अशी गोष्ट, की सगळ्या शिवाराच्या कानावर एका संध्याकाळी गेली पाहिजे.

मी एक पानभर मजकूर लिहिला आणि शेजारच्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी खाजगी केंद्रात गेलो. आमच्या हद्दीवरच्या गावांत त्यांचा आवाज येतो. तिथला माणूस सभ्य होता. चहा दिला, कागद वाचला आणि म्हणाला, "सर, ही बातमी होते. बातमी आम्हाला चालत नाही. जाहिरात म्हणून देता का?" आणि दहा सेकंदांचा दर सांगितला. माझा खिसा तेवढा नव्हता. कागद घडी करून परत आलो आणि महिनाभर जो भेटेल त्याला त्या केंद्राबद्दल तक्रार सांगत सुटलो.

पुढे धोरणाचा कागद हाती आला तेव्हा समजलं की अर्धी चूक माझीच होती. मी नेलेल्या कागदावर कार्यालयाचं नाव नव्हतं, शिक्का नव्हता, जावक क्रमांक नव्हता. तो प्रशासनाने दिलेला इशारा नव्हताच, एका माणसाने आणलेला कागद होता. केंद्रवाल्याने तो घेतला नाही यात नवल काय? मग मी कार्यालयातून रीतसर पत्र काढायला बसलो. टिपणी लिहिली, ती वर गेली, 'चर्चा करावी' असा शेरा मारून खाली आली, पुन्हा वर गेली. सही होईतो सोयाबीनला शेंगा लागल्या होत्या. गोगलगायी पोट भरून जमिनीत गेल्या होत्या.

म्हणून माझं सांगणं असं आहे, की खाजगी रेडिओला नावं ठेवण्याआधी आपण आपलं घर बघू. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानावर आधारित शेती सल्ला निघतो. चांगला असतो. पण तो ज्या मराठीत निघतो ती रेडिओवर वाचली तर ऐकणारा गाणं लागण्याची वाट बघेल. 'पर्जन्यमानाची शक्यता लक्षात घेता काढणीपश्चात मालाची सुरक्षित ठिकाणी साठवणूक करावी.' अहो, 'उद्या दुपारनंतर पाऊस आहे, सुडी झाका' एवढंच म्हणा की! तालुक्याच्या पातळीवर एका माणसाने हे रोज दहा ओळींत लिहावं. उद्याचा पाऊस, शेतीपंपाची वीज किती ते किती, धरणातून पाणी सुटणार असेल तर किती वाजता, जनावरांच्या लसीकरणाला पथक कोणत्या गावात येणार. तहसीलदाराच्या सहीने संध्याकाळी चारच्या आत ते केंद्राला जावं. कालव्याची पाळी यात घातली तर कुणी अडवील असं मला वाटत नाही.

केंद्रवाले घेतील का? मला वाटतं, घेतील. धंदा आहे म्हणूनच घेतील. बियाण्याच्या, पाइपच्या, ठिबकच्या, ट्रॅक्टरच्या जाहिराती जून लागला की रेडिओवर येतातच. जो कान ती जाहिरात ऐकायला हवा, तो कान केंद्राकडे वळण्यासाठी त्याच्या कामाचं काही द्यावं लागेल, हे व्यापाऱ्याला आपण शिकवायला नको. किराणा दुकानदार गिऱ्हाईक टिकावं म्हणून पोराच्या हातावर गुळाचा खडा ठेवतोच की! लातूरसारख्या शहरातल्या केंद्राचा आवाज औसा, रेणापूर, मुरूडपर्यंत गेला, तर त्यातला मोठा श्रोता शेतीवर जगणारा असणार. भजी तळायची की सुडी झाकायची, हा प्रश्न तिथं केंद्रालाही पडेल.

जाहिरातीवरून आठवलं. बियाण्याची किंवा औषधाची जाहिरात म्हणजे सल्ला नव्हे. रेडिओवर ऐकलं म्हणून दुकानात जाऊन तेच मागणारे शेतकरी मी दर हंगामात बघतो. खाजगी केंद्रांना आकाशवाणीची कार्यक्रम आणि जाहिरात संहिता लागू आहे, दिशाभूल करणारी जाहिरात चालत नाही. कुठल्या टॉनिकने एकरी उतारा दुप्पट होईल असं कानावर पडलं तर तारीख, वेळ आणि केंद्राचं नाव लिहून ठेवा आणि कृषी कार्यालयात लेखी द्या. तोंडी तक्रार हवेत जाते.

एक शंका मला नेहमी विचारतात, की साहेब, कम्युनिटी रेडिओ असताना या व्यापाऱ्यांच्या नादी कशाला लागायचं? म्हसवडला २००८ पासून 'माणदेशी तरंग' आहे, बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राची 'शारदा कृषी वाहिनी' आहे. उत्तम काम आहे ते, आणि जिथं एखादी संस्था उभी राहील तिथं असं केंद्र निघावंच. पण त्याची ताकद शंभर वॅटपर्यंत आणि पल्ला दहा-एक किलोमीटर. एका जिल्ह्याला अशी किती केंद्रं लागतील, आणि ती चालवणारी माणसं रोज कुठून आणायची? व्यापारी केंद्राकडे ताकद आहे, माणसं आहेत, बोलण्याची हातोटी आहे. ते आपल्या लहरींवर चालणार असेल तर त्याच्याशी बोलणी का करू नयेत?

एक अडचण मात्र खरी आहे. डबल्याच्या साध्या मोबाईलमध्ये रेडिओ होता, इअरफोनची वायर खोचली की तीच एरियल. नव्या स्मार्टफोनमधून कंपन्यांनी तो काढायला किंवा बंद ठेवायला सुरुवात केली. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने कंपन्यांना सूचना काढली की एफएम असेल तर ते चालू ठेवा. पूर-वादळात टॉवर बंद पडले, नेट गेलं, तरी रेडिओ लागतो, हे त्यामागचं कारण. तेव्हा फोन घेताना दुकानदाराला एफएम आहे का ते विचारा, आणि लावून दाखव म्हणा. बालाघाटच्या डोंगराआड असलेल्या गावांत आवाज येणार नाही. एफएमच्या लहरी डोंगर ओलांडत नाहीत, तिथं आकाशवाणीच्या मध्यम लहरींना पर्याय नाही.

दुसऱ्या टप्प्यातल्या ज्या केंद्रांनी नव्या व्यवस्थेत प्रवेश केला, त्यांची पंधरा वर्षं १ एप्रिल २०१५ पासून मोजली जातात. म्हणजे मार्च २०३० मध्ये त्यांची मुदत भरते. नांदेड, सोलापूरच्या बाजूच्या मंडळींनी ही तारीख लिहून ठेवावी. परवाने नव्याने द्यायची वेळ येईल तेव्हा अटींची चर्चा होईल, आणि त्या चर्चेत कंपन्यांची माणसं असतील. गावाकडून एक पत्र तरी गेलेलं असावं.

सरपंच मंडळींना विनंती, की येत्या ग्रामसभेत पाणी आणि रस्त्यांचे विषय झाले की पाच मिनिटं यासाठी काढा. ठराव साधा आहे: आमच्या क्षेत्रात ऐकू येणाऱ्या खाजगी एफएम केंद्रास हवामान, वीज, पाणी व आपत्तीच्या सूचना रोज देण्याची व्यवस्था तहसील पातळीवर करावी. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, एक केंद्राला. आणि केंद्र सुरू झालं की पुण्याच्या जुन्या प्रयोगाप्रमाणे दहा-बारा जणांनी पारावर बसून आठवडाभर ऐकावं, काय उपयोगी पडलं आणि काय नाही ते वहीत लिहावं. ती वही मला वाचायला आवडेल.

ठरावाचा मसुदा मी तयार करून ठेवला आहे. ज्या ग्रामपंचायतींना हवा असेल त्यांनी बाजाराच्या दिवशी दुपारी बारानंतर तालुक्याच्या कृषी कार्यालयात यावं. या वेळी त्यावर जावक क्रमांक टाकूनच ठेवला आहे.